डावी कूस, उजवी कूस आणि दोन वाजताचा गजर

पत्र थोडक्यात : गोव्यातल्या डिचोली तालुक्यातल्या एका मुलीनं लिहिलं आहे. वय २९, पहिलंच बाळ, एकतिसावा आठवडा चालू. पणजीत कचेरीत नोकरी, जाणं-येणं कदंबाच्या बसनं. नवरा कुंडईच्या एका कारखान्यात शिफ्टवर. डॉक्टरांनी 'डाव्या कुशीवर झोपत जा' एवढंच सांगितलं होतं. तीन आठवड्यांपूर्वी पहाटे जाग आली तेव्हा ती उताणी होती. मोबाइलवर शोधलं, तर 'उताणं झोपल्यानं बाळ दगावतं' असं वाचायला मिळालं. त्या दिवसापासून नवऱ्याच्या मोबाइलवर बारा, दोन आणि चारचा गजर लागतो. तो उठून ती कशी झोपली आहे ते बघतो. त्याची नाइट शिफ्ट असली की ती भिंतीला टेकून बसून रात्र काढते. डावा खुबा इतका दुखतो की सकाळी बसची पायरी चढवत नाही. सासूबाई सांगतात, कूस बदलायची तर आधी उठून बसायचं आणि मग दुसऱ्या कुशीवर व्हायचं, नाहीतर बाळाला नाळेचा वेढा बसतो. थोरल्या जाऊबाईंचं बाळ चार वर्षांपूर्वी आठव्या महिन्यात पोटातच गेलं. 'ती उताणी झोपायची' असं घरात अजून बोललं जातं. त्याच जाऊबाईंनी परवा आपली लोडासारखी उशी न बोलता हिच्या खोलीत आणून ठेवली. सासूबाई म्हणतात, ती वापरू नकोस. मुलगी विचारते : 'मी पाठीला चेंडू शिवून झोपू का? आणि माझ्या चुकीनं काही झालं तर मी कुणाला तोंड दाखवू?'

बाय,

आधी चेंडूचं. शिवू नकोस. शिवला असलास तर उसवून टाक. घोरणाऱ्या माणसानं उताणं होऊ नये म्हणून काढलेली ती युक्ती आहे. एकतिसाव्या आठवड्यातली पाठ आधीच कुरकुरत असते, तिच्यात आणखी चेंडू कशाला?

मी डॉक्टर नाही. तीसेक वर्षं सरकारी इस्पितळात नर्स होते, त्यातली निम्मी बाळंतिणींच्या वॉर्डात. तेव्हा हे वाचून झाल्यावर जे पटेल आणि जे पटणार नाही, दोन्ही तुझ्या डॉक्टरांसमोर ठेव. तुझी फाइल त्यांच्याकडे आहे, माझ्याकडे नुसतं पत्र.

ते पत्र मी दोनदा वाचलं. 'चूक' हा शब्द त्यात पाच वेळा आला आहे. 'दमले' एकदाही नाही. तीन आठवडे सलग दोन तासांवर झोप न मिळालेली पोटुशी मुलगी दमले असं लिहीत नाही, तेव्हा मला कुशीपेक्षा त्याचीच काळजी जास्त वाटली.

तरी आधी कुशीचं बोलू, कारण तुला तेच आधी हवं आहे.

मोबाइलवर वाचलंस ते खोटं नाही, अर्धवट आहे. पोटातून आणि पायांतून हृदयाकडे रक्त परत नेणारी एक मोठी शीर असते, अंगठ्याएवढी जाड, मणक्याच्या जराशी उजव्या अंगानं वर जाणारी. बाळ, पाणी, वार आणि पिशवी मिळून तुझ्या पोटात आता तीनेक किलोंचं ओझं आहे. उताणं पडलं की ते ओझं त्या शिरेवर बसतं. हृदयाकडे रक्त कमी येतं, मग हृदयातून पुढेही कमी जातं, वारेकडेही. बऱ्याच बायकांच्या शरीरात अशा वेळी दुसऱ्या शिरा कामाला लागतात. शुक्रवारी म्हापशाचा बाजार भरून रस्ता तुंबला की रिक्षावाला आतल्या गल्लीतून गाडी काढतो ना, तसं. काहींच्या शरीराला ती गल्ली पुरत नाही. एकदा एका बाईला मी पोटाला पट्टे लावून बाळाचे ठोके बघायला उताणं निजवलं होतं. पाच मिनिटांत तिच्या कपाळावर घाम, ओठ पांढरे. 'सिस्टर, म्हाका घुंवळ येता,' म्हणाली, म्हणजे घेरी येते. डाव्या अंगावर वळवलं, पाठीमागे उशी कोंबली, दोनेक मिनिटांत रंग परत आला आणि तिनं चहा मागितला. म्हणजे शरीर सांगतं. झोपेतही बहुतेक वेळा तेच सांगतं आणि आपण नकळत वळतो. त्या पहाटे तुला जाग आली ती कशानं, असं तुला वाटतं?

आता आकडे. २०१९ साली न्यूझीलंड, ऑस्ट्रेलिया, ब्रिटन अशा देशांतल्या अभ्यासांची माहिती एकत्र करून तपासली गेली. बाळ पोटात गमावलेल्या ८५१ आया आणि गरोदरपण नीट चालू असलेल्या २,२५७ जणी. २८ आठवड्यांनंतर उताण्या निजणाऱ्यांमध्ये बाळ जाण्याचं प्रमाण सुमारे अडीच पट निघालं. 'अडीच पट' वाचून छातीत धस्स होतं, मला कळतं. पण मुळातला धोका हजारात मोजक्यांचा असतो, त्याची ही अडीच पट. त्याच अभ्यासाचा अंदाज असा की एकही बाई उताणी निजली नाही तर अशा दुःखद घटनांपैकी शेकडा सहाच्या आसपास टळतील. उरलेल्या चौऱ्याण्णवांशी पाठीचा संबंध नाही. आणि ही माहिती बाळ गेल्यानंतर आईला 'त्या रात्री तू कशी निजली होतीस' असं विचारून गोळा केलेली आहे. अशा वेळी माणूस स्वतःलाच आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करून आठवतो, हेही विसरू नये. त्याच वर्षी अमेरिकेत पहिलटकरणींवर झालेला एक मोठा अभ्यास बाहेर आला. त्यात ८,७०० हून अधिक जणींना गरोदरपणातच, बाळंत होण्याआधी, झोपण्याबद्दल विचारलं होतं. तिसाव्या आठवड्यापर्यंत कोण कशी निजते यानं काही फरक पडलेला दिसला नाही.

तरीही सल्ला बदलत नाही. २८ आठवडे उलटले की निजताना कुशीवर निजावं. फुकटची, सोपी गोष्ट आहे, न करण्याचं कारण नाही. फक्त यातला 'निजताना' हा शब्द नीट धर. अभ्यासांत विचारलं होतं ते झोप लागतानाच्या कुशीबद्दल, कारण रात्रीत सगळ्यात जास्त वेळ माणूस त्याच अंगावर असतो. झोपेत कोण कितीदा वळलं याचा हिशेब कुणी ठेवत नाही आणि तो ठेवताही येत नाही. म्हणून नियम एवढाच : दिवा मालवताना कुशीवर. रात्री लघवीला उठलीस, परत आलीस, पुन्हा कुशीवर. दुपारी लवंडलीस तरी कुशीवर. जाग आली आणि उताणी सापडलीस, तर वळ आणि झोप. त्या वेळी बाळाचं काही बिघडलं असं समजून उठून बसायचं नाही.

आणि उजवी कूस चालते. हे मी मुद्दाम वेगळं लिहिते, कारण तुझा डावा खुबा याच गैरसमजापायी दुखतो आहे. त्या एकत्रित अभ्यासात डावी आणि उजवी यांत फरक आढळला नाही. शीर उजव्या अंगानं जाते म्हणून डावी कूस कागदावर किंचित सरस, इतकंच. डॉक्टरांच्या ओपीडीत बाहेर पन्नास बायका बसलेल्या असतात, तेव्हा 'डाव्या कुशीवर झोप' हे तीन शब्दांत आटपतं, त्यांनाही दोष देत नाही. आपल्याकडे वामकुक्षीचं कौतुक फार, त्यामुळे डावं म्हणजे शास्त्रशुद्ध असं डोक्यात बसलेलंच असतं. गंमत म्हणजे बाई गरोदर राहिली की आपण म्हणतो तिची कूस उजवली, आणि लगेच तिला बजावतो की डावी सोडू नकोस. तू दोन्ही वापर. रात्रीचा पहिला तुकडा डावीवर, लघवीला उठल्यावर पुढचा उजवीवर, असं ठरवलंस तर खुब्यालाही रजा मिळेल.

आता सासूबाई. नाळेचा वेढा आईच्या वळण्यानं बसत नाही. बाळ पाण्यात पोहतं, कोलांट्या मारतं, लांब नाळ असली की त्यात गुंततं. चार-पाच बाळांमागे एकाच्या गळ्याला वेढा असतोच, बहुतेकदा सैल, आणि बाळ बाहेर येताना सुईण किंवा डॉक्टर तो बोटानं सोडवून बाजूला करतात. मी किती सोडवलेले पाहिलेत त्याची गणती नाही. पण हा समज सासूबाईंनी मनचा काढलेला नाही. चरकसंहितेच्या शारीरस्थानातच आहे, की उताणी झोपणाऱ्या गर्भिणीच्या बाळाला नाळ गळ्याभोवती वेढते. उताणं झोपू नये हे जुन्या लोकांनी नीट हेरलं होतं, कारण मात्र चुकीचं लावलं. पुढे कुणीतरी त्यातलं उताणं सोडलं आणि वेढा धरला, आणि आता तू रात्रीतून आठ वेळा उठून बसतेस.

सासूबाईंना हे चरकापासून समजावायला जाऊ नकोस. माझं ऐक, त्या सांगण्यातही घेण्यासारखं आहे : घाईनं, कमरेत पिळून वळायचं नाही. या दिवसांत जांघेत अचानक चमक भरते ती त्यामुळेच. वळायचं असं. दोन्ही गुडघे वाकवायचे, एकमेकांना चिकटलेले ठेवायचे, मधे उशी असली तर ती धरूनच. मग श्वास सोडत खांदा, कंबर, गुडघे सगळं एकदम, ओंडका वळतो तसं. ओझरतं उताणं होऊन पलीकडे जाशील, त्यानं काही होत नाही. कमरेखाली एखादी जुनी रेशमी साडी चौघडी करून आडवी घातलीस तर वळणं फारच सोपं होतं, सुती चादरीवर अंग अडतं, रेशमावर सरकतं. वॉर्डात आम्हाला रेशीम कुठलं, तिथं नुसतीच ओढाताण. ही युक्ती मला एका पेशंटच्या आजीनं शिकवली. आणि खाटेवरून उठताना सरळ पोटावर जोर देऊन उठू नकोस. आधी कुशीवर हो, पाय खाली सोड, मग हातांनी रेटून बस.

खुब्यासाठी अंथरूण बघ. तुझी गादी कापसाची असेल तर कमरेच्या जागी खड्डा पडलेला असणार. गादी उलटी कर, फिरव, नाहीतर कंबरेखाली गोधडी दुमडून घाल. गुडघ्यांमधली उशी फक्त गुडघ्यांत नको, घोट्यापर्यंत पोचली पाहिजे, नाहीतर वरचा पाय खाली लोंबतो आणि खुब्याला ओढ बसते. उशी नसेल तर चादर लांबट गुंडाळून चालते. पोटाखाली एक चपटी, मऊ उशी, जुनी, दबलेली सावरीच्या कापसाची असेल तर सोन्याहून पिवळं. पोट लोंबत नाही, कमरेला बरं वाटतं. आणि पाठीमागे एक जाड काहीतरी. ही पाठीमागची उशी सगळ्यात महत्त्वाची, तुझ्या चेंडूचं काम तीच करते, न टोचता. झोपेत मागे कललीस तरी पूर्ण उताणी होत नाहीस, अर्धवट तिरपी राहतेस, आणि तेवढ्यानं शिरेवरचा भार कमी होतो. आम्हीसुद्धा सिझेरियनच्या टेबलावर बाईला सपाट ठेवत नाही, उजव्या कमरेखाली काहीतरी सारून तिला डावीकडे थोडं कलतं करतो. दुकानांत यू आकाराची मोठी गरोदरपणाची उशी मिळते. घ्यावीशी वाटली तर घे, पण आपल्याकडच्या मे महिन्यात चारी बाजूंनी कापूस लावून निजणं म्हणजे फणसाच्या आठळीसारखं उकडून निघणं. पैसे वाचव, घरच्या उशा जमव, अभ्रे सुती घाल.

बसून झोपायचं मात्र बंद कर. भिंतीला टेकून रात्रभर बसलीस की पाय सुजतात, कंबर मोडते आणि झोप लागतच नाही. जळजळ होत असेल म्हणून बसत असशील तर तिला वेगळा उपाय आहे. (पत्रात तू हे लिहिलं नाहीस, पण या महिन्यांत ती बहुतेक सगळ्यांना असते.) रात्री साडेनऊला आंबट-तिखट हुमण, म्हणजे माशांची आमटी, आणि भात जेवून दहाला आडवं झालं की छातीत आग पडणारच. साडेसातला जेव, थोडं कमी, आणि हुमण दुपारी खा. खाटेच्या डोक्याकडच्या पायांखाली एकेक वीट घाल. जळजळीला डावी कूस खरोखरच बरी, जठराची ठेवणच तशी आहे. फसफसणारी सोड्याची पूड मनानं घेऊ नकोस, तिच्यात मीठ फार असतं. डॉक्टर चालणारं औषध लिहून देतात.

पोटऱ्यांत गोळा आला तर पाय सरळ करून बोटं स्वतःकडे ओढायची, टाच पुढे. पाय सारखे हलवावेसे वाटतात, आत मुंग्या चालल्यासारखं होतं, असं असेल तर हिमोग्लोबिन आणि शरीरातलं लोह तपासायला सांग. लोह कमी असलं की असं होतं. आणि लोहाची गोळी चहाबरोबर घेत असशील तर ती गोळी वाया जाते, हे मी शेकडो जणींना सांगितलं आणि त्यांतल्या निम्म्या तरी चहाबरोबरच घेत राहिल्या.

लघवीला उठणं टळणार नाही. संध्याकाळनंतर पाणी थोडं आवर, दिवसा मात्र भरपूर पी. जुन्या घरांत न्हाणी मागे असते. पाऊस लागला की तिकडची फरशी शेवाळते, वीजही नेमकी तेव्हाच जाते. बॅटरी उशाशी ठेव, चपला रबरी तळाच्या. उताण्या झोपेला भिणारी बाई न्हाणीत ओल्या फरशीवर अनवाणी जाते, हे मला कधी समजलेलं नाही. बसमध्ये डुलकी लागते म्हणालीस. लागू दे, बसल्या जागी काही होत नाही, खिडकीची जागा धर. सोनोग्राफीला किंवा तपासणीला उताणं निजवतात, तेवढ्या वेळाला हरकत नसते. घेरी आल्यासारखं वाटलं तर मुकाट सोसू नकोस, 'मला कुशीवर होऊ द्या' म्हण.

आता गजर.

तुझा नवरा चांगला माणूस आहे. आठ तास यंत्रावर उभा राहून घरी येतो आणि बारा, दोन, चारला उठून टॉर्चच्या उजेडात तुझी कूस तपासतो. तो हे प्रेमापोटी करतो आणि त्याच प्रेमानं तुम्हा दोघांची झोप मोडतो आहे. शिवाय दर दोन तासांनी कुणी अंगावर उजेड पाडला की शरीर शिकतं की रात्र ही धोक्याची वेळ आहे. मग गजर नसला तरी डोळे उघडतात. त्याला काहीतरी करायचं आहे, तर दुसरं काम दे : निजताना पाठीमागची उशी त्यानं लावायची, पोटऱ्यांना तेल त्यानं चोळायचं, आणि घोरतेस का ते तेवढं ऐकायचं. आधी घोरत नव्हतीस आणि आता जोरात घोरतेस, मधेच श्वास अडकल्यासारखा होतो, असं त्याच्या कानावर आलं तर ते डॉक्टरांना सांगण्यासारखं आहे, कारण त्याचा रक्तदाबाशी संबंध असू शकतो. एरवी त्यानं झोपावं. नाइट शिफ्टच्या रात्री सासूबाई किंवा जाऊबाई तुझ्या खोलीत झोपतील का ते विचार. पहाऱ्याला नको, सोबतीला.

बाळ बरं आहे की नाही, हे तुझी कूस बघून कळत नाही. ते बाळच सांगतं, आणि जागेपणी सांगतं. तुझं बाळ कधी हालतं, किती, जेवल्यावर की रात्री पडल्यावर, त्याची रीत तुला आता कळायला लागली असेल. डॉक्टरांनी मोजायला सांगितलं असेल तर त्यांच्या पद्धतीनं मोज. पोटात बाळही झोपतं, साधारण वीस ते चाळीस मिनिटं, त्या वेळी ते गप्प असतं. पण नेहमीपेक्षा हालचाल कमी वाटली, मंदावली, तर सकाळची वाट बघायची नाही, गोड काही खाऊन बघते म्हणून वेळ काढायचा नाही. 'शेवटी जागा उरत नाही म्हणून हालचाल कमी होते' असं कुणी सांगेल, ते खरं नाही. जिथं नाव घातलं आहे तिथं जा. म्हापशाचं जिल्हा इस्पितळ असो की बांबोळीचं गोमेकॉ (गोवा मेडिकल कॉलेज), बाळंतपणाचा विभाग रात्रभर चालू असतो आणि १०८ ला फोन केला की गाडी येते. उगाच आलीस असं कुणी म्हटलं तर म्हणू दे. अंगावरून रक्त किंवा पाणी जाणं, न थांबणारी डोकेदुखी, डोळ्यांपुढे काजवे, चेहरा-हात अचानक सुजणं, यांनाही हाच नियम. आणि एक, जे बायका सांगतच नाहीत : रात्री तळहात-तळपायांना खूप खाज येते, वर पुरळ काहीच नाही. उन्हाळ्यातलं घामोळं समजून सोडून देऊ नकोस. यकृताचा त्रास असू शकतो, साध्या रक्ततपासणीत कळतो.

तुझ्या शेवटच्या प्रश्नाला मी अजून हात घातला नाही. 'माझ्या चुकीनं काही झालं तर.'

हे वाक्य तुझं नाही, असं मला वाटतं. ते त्या घरात चार वर्षांपासून फिरतं आहे. जाऊबाईंचं बाळ का गेलं, मला ठाऊक नाही आणि तुलाही नाही. आठव्या महिन्यात बाळ जातं ते वार नीट काम करत नाही म्हणून, वाढ खुंटली म्हणून, रक्तदाब, साखर, संसर्ग, वार आधीच सुटली म्हणून. कितीदा सगळ्या तपासण्या करूनही कारण हाती लागत नाही. वॉर्डात अशा आईजवळ बसायचा प्रसंग माझ्यावर बऱ्याचदा आला. त्यांतल्या प्रत्येकीनं मला स्वतःचं एकेक कारण सांगितलं आहे : मी पपई खाल्ली, मी ग्रहणात सुरी धरली, मी घागर उचलली, मी उताणी झोपले. घरच्यांनाही काहीतरी धरायला हवं असतं. कारण नाही यापेक्षा चुकीचं कारण त्यांना सोसतं, फक्त ते सोसावं लागतं तिला. जाऊबाई उताण्या झोपायच्या, असं आज म्हणणाऱ्यांपैकी त्या वेळी रात्री त्यांच्या खोलीत कोण होतं, हा प्रश्न एकदा मनातल्या मनात विचारून बघ.

तू त्याच घरात, त्याच महिन्यात पोचते आहेस. भीती वाटणारच, तिचं नाव 'डावी कूस' असं पडलं आहे इतकंच. उद्या कूस सुटली तरी ती दुसरं काहीतरी धरून बसेल. म्हणून पुढच्या तपासणीला डॉक्टरांना दोन वाक्यं सांग : 'घरात असं घडलेलं आहे' आणि 'मला तीन आठवडे झोप नाही'. दोन्ही सांगण्यासारखी आहेत. गजर बंद करून, उजवी कूस घेऊनही आठवडाभरात झोप आली नाही, छाती धडधडत राहिली, रडू कोसळत राहिलं तर टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर फुकट आहे, रात्रीही लागतो. झोपेची गोळी किंवा सर्दीची झोप आणणारी गोळी फार्मसीतून आपणहून आणायची नाही.

राहिली जाऊबाईंची उशी. सासूबाई का नको म्हणतात ते मी समजू शकते, त्यांनीही त्या वेळी नातवंड गमावलं. त्यांच्याशी वाद घालू नकोस, 'डॉक्टरांनी पाठीला जाड उशी घ्यायला सांगितलं आहे' म्हण. ते खोटंही होणार नाही, पुढच्या तपासणीला विचारून घे. खोळ काढून उन्हात टाक, अभ्रा नवा शिव हवा तर, घरातलाच एखादा जुना सुती. मग रात्री जाऊबाईंनाच हाक मार आणि विचार, ही पाठीला नेमकी कुठं लावायची, वर की खाली. तू वर्णन केली आहेस तेवढी जाड असेल तर कमरेपासून खांद्यापर्यंत उभी लावावी लागेल, आणि एकटीला ती मागे हात करून लावता येत नाही.